सातत्यदोष आणि सातत्याने होणारे दोष : 'स्वराज्यरक्षक संभाजी'च्या निमित्ताने

मराठी दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक युद्धमालिकांची चर्चा आपल्याकडे दोनच प्रकारांनी होते. एक तर मालिकेची मुक्तकंठाने स्तुती केली जाते, नाहीतर कोणाच्या तरी पूर्वजाचा अवमान झाला म्हणून निषेध नोंदविला जातो. मालिकेने सांगितलेला काळ, तिने वापरलेली साधने आणि तिची अंतर्गत सुसंगती यांची तपासणी करणारी समीक्षा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असावयास हवी. ती फारशी आढळत नाही. झी मराठी वाहिनीवर २४ सप्टेंबर २०१७ ते २९ फेब्रुवारी २०२० या काळात प्रसारित झालेल्या 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकेच्या निमित्ताने अशी तपासणी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मालिकेचा प्रभाव निर्विवाद होता. गिरगावातील फणसवाडीसारख्या चाळवस्तीत रात्री एकाच वेळी अनेक खोल्यांतून एकच शीर्षकसंगीत ऐकू येत असे. इतिहास विषय कधीही न घेतलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना बुऱ्हाणपूर, रामशेज, फोंडा ही नावे माहीत झाली ती या मालिकेमुळे. हे श्रेय आधी दिले पाहिजे. पण ज्या माध्यमाचा प्रभाव एवढा, त्याच्या चुकांचे आयुष्यही तेवढेच दीर्घ असते.

प्रथम सातत्यदोषांविषयी. चित्रपटव्यवसायात ज्याला 'कंटिन्युइटी' म्हणतात, ते सातत्य म्हणजे एका दृश्यातील वस्तू, वेश, जखम, प्रकाश यांची पुढील दृश्याशी राखलेली संगती. दैनंदिन मालिका आठवड्यातील बहुतेक दिवस दाखवावी लागते. एका प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतात. त्यामुळे उजव्या दंडावरची पट्टी डाव्या दंडावर जाणे, चिखलातून दौड करून आलेल्या स्वाराचा अंगरखा परीटघडीचा दिसणे, लढाईपूर्वी मावळतीला आलेला सूर्य लढाईत माथ्यावर असणे, हे कोणत्याही देशातील कोणत्याही युद्धमालिकेत घडते. हे दोष हुडकण्यात तरुण प्रेक्षकांना मोठी गंमत वाटते आणि ती वाटण्यात वावगे काही नाही. परंतु समीक्षकाने त्यांत रमून जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पट्टीचा दंड बदलल्याने संभाजीराजांविषयीची कोणाचीही समजूत बदलत नाही. मात्र काही सातत्यदोष असे असतात की, ते वरवर तांत्रिक वाटले तरी इतिहासाच्या आकलनाला धक्का लावतात. त्यांची दखल घेणे आवश्यक आहे.

यांपैकी सर्वांत मोठा दोष वयाचा. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. म्हणजे त्यांना बत्तीस वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. आग्र्याच्या प्रसंगी १६६६ मध्ये ते नऊ वर्षांचे, रायगडावरील राज्याभिषेकाच्या वेळी सतरा वर्षांचे आणि १६७८ च्या डिसेंबरात दिलेरखानाच्या छावणीत गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मालिकेत बालकलाकारानंतर ही भूमिका डॉ. अमोल कोल्हे यांच्याकडे आली. मालिका सुरू झाली तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. म्हणजे नायकाच्या मृत्युसमयीच्या वयापेक्षाही पाच वर्षे अधिक. अभिनयाच्या दर्जाचा हा प्रश्न नाही. त्यांनी भूमिका समर्थपणे वठविली याबद्दल दुमत नसावे. प्रश्न असा की, पोक्त, भारदस्त आवाजाचा, विचार करून एकेक शब्द उच्चारणारा पुरुष जेव्हा दिलेरखानाकडे जातो, तेव्हा त्या कृतीमागे काहीतरी खोल राजकारण असलेच पाहिजे, असे प्रेक्षकाला आपोआप वाटू लागते. हीच कृती एकवीस वर्षांच्या, घरातील तणावाने त्रासलेल्या युवराजाने केलेली पाहिली तर तिचा अर्थ निराळा लागेल. नटाच्या वयाने येथे पुराव्याचे काम केले आहे.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट. याच नटाने २००८ मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवरील 'राजा शिवछत्रपती' या मालिकेत शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. त्यामुळे नऊ वर्षांनंतर वडिलांचाच चेहरा मुलाला मिळाला. दोन मालिकांमधील या सातत्याला दोष म्हणावे की वाहिन्यांच्या व्यवसायातील योगायोग, हे ठरविणे कठीण आहे. परंतु संभाजीराजे हे शिवाजी महाराजांचे सर्वार्थाने प्रतिरूप होते हा मालिकेचा सिद्धान्त एकही संवाद न लिहिता त्या चेहऱ्याने सिद्ध करून टाकला, एवढे खरे.

दुसरा प्रकार भाषेतील कालविपर्यासाचा. राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची फारसी पदनामे बदलून संस्कृत करण्यात आली. पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती झाला. याच काळात राज्यव्यवहारकोशाची रचना करवून घेण्यात आली. १६६० ते १६८९ असा काळ व्यापणाऱ्या कथानकात हा बदल कानाला जाणवणे ही लेखकाला मिळालेली दुर्मीळ संधी होती. आधीच्या भागांत सरनोबत आणि डबीर, नंतरच्या भागांत सेनापती आणि सुमंत, आणि तरीही जुन्या माणसांच्या तोंडी जुनीच नावे. व्यवहारात घडलेही तसेच. 'पेशवा' हा शब्द तर पुढे मराठ्यांच्या सत्तेचे नाव होऊन बसला. आपल्या मालिकांत मात्र पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत सर्व पात्रे एकच भाषा बोलतात. ती सतराव्या शतकाची नव्हे, तर विसाव्या शतकातील व्यावसायिक रंगभूमीची आहे. तत्कालीन पत्रे वाचणाऱ्याला ठाऊक असते की, त्या मराठीत फारसी शब्दांचे प्रमाण विलक्षण आहे. ते शब्द प्रेक्षकाला कळणार नाहीत ही अडचण मान्य केली, तरी त्यांच्या जागी संस्कृतप्रचुर घोषवाक्ये घातल्याने शिवकालीन दरबार आजच्या व्यासपीठासारखा भासू लागतो.

तारखांविषयी थोडक्यात. आपण ६ जून १६७४ किंवा ११ मार्च १६८९ असे म्हणतो ते जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीने. हिंदुस्थानातील इंग्रज १७५२ पर्यंत हीच पद्धत वापरीत; पोर्तुगीज मात्र नवी, ग्रेगरियन पद्धती वापरीत होते. या दोहोंत सतराव्या शतकात दहा दिवसांचे अंतर होते. १६८३ च्या गोवे मोहिमेचा वृत्तान्त इंग्रज वखारीची पत्रे आणि पोर्तुगीज कागद अशा दोन्ही साधनांतून घेताना हे अंतर लक्षात घेतले नाही, तर आधीची घटना नंतर आणि नंतरची आधी होऊन बसते. पडद्यावर तारीख उमटविण्याची हौस असलेल्या दिग्दर्शकांनी तिथी देण्याचा मार्ग पत्करलेला बरा. फाल्गुन वद्य अमावास्या, शके १६१० ही नोंद वादातीत आहे आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता हे तीवरून लगेच कळते.

### युद्ध कसे लढले जाते

युद्धमालिकेची खरी परीक्षा युद्धात होते. शिवकाल आणि शंभुकालातील मोहिमांच्या महिन्यांकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. अफझलखानाचा प्रसंग नोव्हेंबर १६५९, सुरतेची पहिली स्वारी जानेवारी १६६४, कोंढाणा फेब्रुवारी १६७०, सुरतेची दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७०, साल्हेर फेब्रुवारी १६७२, बुऱ्हाणपूरची लूट १६८१ च्या आरंभी, फोंडा आणि जुवे बेट नोव्हेंबर १६८३, वाईजवळ हंबीरराव मोहित्यांचा मृत्यू डिसेंबर १६८७, संगमेश्वर फेब्रुवारी १६८९. दसऱ्याला शिलंगण करून बाहेर पडायचे आणि पावसाळ्यापूर्वी परतायचे, हा त्या लष्कराचा श्वासोच्छ्वास होता. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाण्याचा जुलै १६६० चा प्रसंग एवढा रोमहर्षक आहे तो याचमुळे. पाऊस हा नियमाचा अपवाद होता आणि त्या अपवादाचा लाभ घेण्यात आला. मालिकांत मात्र ऋतूच नसतात. ध्वनिमुद्रणाच्या आणि यंत्रसामग्रीच्या अडचणीमुळे पाऊस टाळला जातो, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे मोहीम कोणत्याही दिवशी निघते, केव्हाही परतते आणि प्रेक्षकाला युद्ध म्हणजे नायकाच्या मनात येईल तेव्हा घडणारी गोष्ट वाटू लागते.

जी गत ऋतूंची तीच दाणावैरणीची. चिपळूणजवळ दळवटणे येथील छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे व गवत जपून वापरा, नाहीतर घोडी उपाशी मरतील; लष्कराने रयतेला उपद्रव देऊ नये; आणि दिव्याची पेटती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, एवढी बारीक सूचना त्या पत्रात आहे. राज्य उभारणारा सेनानी उंदराचाही विचार करतो. नाट्य हवे असेल तर ते या पत्रात भरपूर आहे. पण पडद्यावरच्या लष्कराला चारा लागत नाही, त्याच्यामागे बैलांचे तांडे नसतात, आणि त्याचे घोडे उंच, तुकतुकीत, शर्यतीच्या मैदानात शोभतील असे असतात. भीमथडीचे बुटके, काटक तट्टू हे मराठ्यांच्या वेगाचे आणि डोंगरातील हालचालींचे रहस्य होते, हे या देखण्या जनावरांकडे पाहून कोणालाही कळणार नाही.

तोफांबद्दल न लिहावे तेच बरे. त्या काळचा भरीव गोळा भिंत फोडतो, माणसे चिरडतो. तो आगीच्या लोळासह फुटत नाही. तोड्याची बंदूक एकदा उडाल्यावर पुन्हा भरावयास वेळ लागतो आणि त्या वेळातच तलवार व भाल्याचे काम असते. युद्धाची रचनाच या विलंबावर उभी होती. याउलट जी गोष्ट खरोखर घडली आणि जिच्यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही, ती मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवली आहे : १६८२ पासून वेढल्या गेलेल्या रामशेजवर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून गडकऱ्यांनी झाडांची खोडे पोखरून, त्यांवर कातडी चढवून तोफा केल्या, आणि त्यांतली एकेक तोफ दहा तोफांचे काम करीत होती. शत्रूच्या बाजूच्या लेखकाने दिलेली ही साक्ष कोणत्याही संगणकीय दृश्यचमत्कृतीपेक्षा अधिक परिणामकारक आहे.

काही चुका मात्र समाजाला प्रिय असतात आणि त्या दुरुस्त करावयास कोणी धजावत नाही. तानाजी मालुसरे पडल्यावर कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले ही त्यांपैकी एक. वस्तुतः शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव आलेले आहे. म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या सात वर्षे आधी. घोरपडीचा उल्लेखही सभासदाच्या बखरीत नाही. यामुळे तानाजीचे शौर्य तिळमात्र उणे होत नाही. तरीही २०२० च्या 'तान्हाजी' चित्रपटापर्यंत कोणालाही साध्या शौर्यावर भागविता आलेले नाही.

### दोषांचे स्थलांतर

आता मुख्य मुद्दा. संभाजीराजांच्या चरित्राला मराठी साहित्यात विचित्र इतिहास आहे. त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणिसाने लिहिलेल्या बखरीने त्यांची प्रतिमा काळवंडून टाकली. याच चिटणिसाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन केले होते, हे विसरून चालणार नाही. या बखरीचा रंग पुढे नाटकांत उतरला. राम गणेश गडकरी यांचे 'राजसंन्यास' १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिले; वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ मध्ये दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणले आणि काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीने गिरगाव-दादरचा प्रेक्षक भारावून गेला. बेफाम पण हळव्या, बापाच्या मायेला पारख्या झालेल्या पुत्राची ही प्रतिमा होती. याउलट वा. सी. बेंद्रे यांनी दीर्घ संशोधनानंतर १९६० मध्ये आणि डॉ. कमल गोखले यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रांनी कागदपत्रांच्या आधारे निराळा संभाजी उभा केला : पराक्रमी, संस्कृतज्ञ, एकाच वेळी मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी झुंजणारा राज्यकर्ता. संशोधकांची ही दुरुस्ती जनमानसात उतरावयास पन्नास वर्षे लागली. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा काढून नदीत टाकण्यात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ही मालिका सुरू झाली. दोहोंत कार्यकारणसंबंध नाही, पण हवा तीच होती.

मालिकेने बेंद्रे-गोखल्यांचा संभाजी घराघरांत पोहोचविला, हे तिचे सर्वांत मोठे कार्य. मात्र तो पोहोचविताना तिने त्याला निर्दोष केले. आणि दैनंदिन मालिकेत नायक निर्दोष झाला की त्याच्या वाट्याचे दोष कोणाच्या तरी पदरात टाकावेच लागतात. ते सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्या पदरात पडले. महिनोन् महिने चालणाऱ्या कारस्थानाला कौटुंबिक मालिकेतील सासू-सुनेच्या भांडणाची चौकट सोयीची पडते. पडदा, खलबत, कुत्सित स्मित, पुन्हा खलबत. १६८० च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसविण्यात आले, हे सत्य आहे. पण त्यानंतर संभाजीराजांनी प्रधानांना क्षमा करून अण्णाजींनाही पुन्हा अधिकारपद दिले, सोयराबाईंचे बंधू हंबीरराव यांनीच संभाजीराजांची बाजू घेतली, आणि पुन्हा कट उघडकीस आल्यावरच १६८१ ची कठोर शासने झाली, हा क्रम तेवढाच सत्य आहे. त्याहून महत्त्वाचा पुरावा १६८० च्याच संस्कृत दानपत्राचा. नामदेवभट बाकरे यांना दिलेल्या या दानपत्रात खुद्द संभाजीराजांनी आपल्या सावत्र मातेच्या अंतःकरणाचे वर्णन स्फटिकासारखे निर्मळ असे केले आहे. कोणी म्हणेल, ही राजकीय भाषा होती. असेलही. परंतु ज्या पुरुषाची बाजू मांडण्यासाठी सारा खटाटोप, त्याच्याच शब्दांना वजन द्यावयाचे नसेल, तर ती बाजू नेमकी कोणाची?

दिलेरखान प्रकरणाचेही असेच. हे सारे पितापुत्रांनी मिळून रचलेले राजकारण होते, अशी एक लोकप्रिय मांडणी अलीकडे रूढ झाली आहे. तिच्यासमोर एप्रिल १६७९ चा भूपाळगड आहे. तो गड पडल्यावर दिलेरखानाने सातशे कैद्यांचा एकेक हात तोडला. संभाजीराजे या क्रौर्याने व्यथित झाले आणि वर्ष संपण्याच्या सुमारास पन्हाळ्यास परतले. एका तरुणाने केलेली भयंकर चूक, तिची त्याला मिळालेली जाणीव, आणि पुढील नऊ वर्षे प्राणपणाने केलेली भरपाई, अशी ही कथा आहे. ती योजना ठरविली की सातशे हात कोणाच्या खात्यावर मांडायचे, हा प्रश्न त्या मांडणीला कधी पडत नाही.

संगमेश्वरच्या अटकेविषयी तर अधिकच सावधगिरी हवी. 'मासिर-इ-आलमगिरी' हेरांच्या बातमीवर भर देते आणि संभाजीराजे शिर्क्यांशी झालेल्या कलहामुळे खेळण्यास आले होते असे सांगते. शिर्के आणि कवी कलश यांच्या वैराची नोंद जेधे शकावलीतही आहे. या वैरापासून प्रत्यक्ष फितुरीपर्यंतचे अंतर समकालीन कागद पार करीत नाहीत. ते कादंबरी, नाटक, मालिका आणि चित्रपट यांनी पार केले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी तीव्र हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच सुमारास बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात खजिन्याच्या आशेने लोक रात्री शेते खणू लागले. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत या चित्रपटाने लोकभावना पुन्हा जागृत झाल्याचा उल्लेख केला, दोष मात्र चित्रपटाला दिला नाही. पडद्यावरील तपशील हा केवळ अभिरुचीचा विषय राहिलेला नाही, हे यावरून दिसेल.

'हे कथानक काल्पनिक आहे' अशी पाटी दाखविल्याने ही जबाबदारी संपते काय? संजय खान यांच्या 'द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान' या मालिकेवरून वाद न्यायालयात गेला आणि ती काल्पनिक असल्याची सूचना देऊन दूरदर्शनने ती दाखविली. तेव्हापासून ही पाटी म्हणजे सर्व आक्षेपांवरचा रामबाण उपाय ठरली आहे. ती काही क्षण झळकते, तिच्यानंतरचा अर्धा तास मात्र प्रत्येक पात्र इतिहास सांगत असल्याच्या आविर्भावात बोलते.

पदवी वर्गात मराठ्यांचा इतिहास शिकविताना उत्तरपत्रिकांत सोयराबाईंचे संवाद उतरलेले आढळतात, तेही अवतरणचिन्हांत. विद्यार्थ्याला मालिका पाहू नकोस असे सांगण्यात अर्थ नाही. मालिकेतील एक प्रसंग आणि त्याविषयीची जेधे शकावलीतील नोंद शेजारी शेजारी ठेवण्याचा स्वाध्याय मात्र देता येतो. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेली ही शकावली त्रोटक आहे, बहुधा एका घटनेला एकदोन ओळीच मिळतात. तास तासभर चालणारे खलबत तीत कोठे बसते, हे विद्यार्थी स्वतःच शोधू लागतात. त्यानंतर बाकरे दानपत्राचा मराठी अनुवाद वाचावयास द्यावा. त्यावरची चर्चा एका तासिकेत आटोपत नाही.